पोटनियम आणि सभेची वही



चालकांनी आम्हाला विषय विचारला आणि आम्ही 'संस्थेचे पोटनियम' असे सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा किंचित उतरला. त्यांचेही बरोबरच आहे. वसंतातली संध्याकाळ, दिवसभराच्या उन्हानंतर कयाधूकडून येणारी थोडीशी झुळूक, आणि ऐकायचे काय, तर नोटीस, गणसंख्या आणि इतिवृत्त! संतांवर, इतिहासावर, काव्यावर बोलणारे वक्ते या मालेत असताना आमचा विषय म्हणजे पुरणपोळीच्या ताटात एरंडेलाची वाटी. परंतु एरंडेलही घरात लागते. ज्या घरात ते वेळेवर मिळत नाही, त्या घरी पुढे वैद्याला बोलावणे धाडावे लागते. आम्ही एका संस्थेत तसे बोलावणे धाडण्याची वेळ आणली होती. ती हकीकत शेवटी सांगू. आधी विषय.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. सेनगाव घ्या, कळमनुरी घ्या, औंढा किंवा वसमत घ्या. गावात एक विविध कार्यकारी सोसायटी असते, एखादी शिक्षणसंस्था असते, वाचनालय असते, देवस्थानाची विश्वस्त मंडळी असतात, गणेशोत्सवाचे मंडळ असते आणि बायकांचे बचत गट तर गल्लोगल्ली असतात. वसमतसारख्या ठिकाणी साखर कारखाना आहे, हळदीच्या शेतकऱ्यांच्या कंपन्या आहेत. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचा सभासद आहेच. आता हात वर करायला सांगत नाही. पण आपल्या संस्थेचे पोटनियम ज्यांनी एकदा तरी वाचले आहेत, असे या मंडपात किती निघतील? बहुतेक ठिकाणी ते कपाटात असतात, कपाटाची किल्ली चिटणीसांकडे असते आणि चिटणीस कामानिमित्त परगावी असतात.

पोटनियम म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपण एका वाचनालयाचे उदाहरण घेऊ. सर्वांत वर देशाचा कायदा. १८६०चा संस्था नोंदणी कायदा सांगतो की सात माणसे एकत्र येऊन आपले नाव, उद्देश आणि कारभारी मंडळींची यादी लिहून संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदाही तिला लागू होतो. त्याखाली येते संस्थेची घटना व नियमावली : सभासद कोण, वर्गणी किती, कार्यकारी मंडळ किती जणांचे, निवडणूक केव्हा आणि कशी, पैसे कोणाच्या सहीने काढायचे. सहकारी संस्थेत यालाच पोटनियम किंवा उपविधी म्हणतात. त्याच्याही खाली येतात ते नित्याचे, कायम चालायचे नियम : वाचनालय किती वाजता उघडायचे, एका वाचकाला एका वेळी किती पुस्तके द्यायची, उशीर झाला तर दंड किती. आणि सर्वांत खाली, कोठेही न लिहिलेली, पण सर्वांना ठाऊक असलेली वहिवाट : दारापाशी चप्पल काढायची, आणि म्हाताऱ्या माणसाने वर्तमानपत्र हातात घेतले असेल तर त्याचे वाचून होईपर्यंत मागायचे नाही.

या चार पायऱ्यांचे रहस्य असे की, वरच्या पायरीवरची गोष्ट खालच्या पायरीवर उभे राहून बदलता येत नाही. वाचनालय सकाळी आठऐवजी सातला उघडायचे असेल, तर कार्यकारी मंडळाच्या साध्या बैठकीत साध्या बहुमताने तसे ठरवता येते. उद्या अडचण आली तर परत फिरवता येते. परंतु संस्थेचा उद्देशच बदलायचा असेल, तर १८६०चा कायदा काय म्हणतो पाहा. प्रस्ताव लेखी हवा. तो सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे पोहोचता करायला हवा. सभेत तीन-पंचमांश मते हवीत. आणि एवढ्यावर भागत नाही. महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तिथे पुन्हा तीन-पंचमांश मतांनी त्याला दुजोरा मिळायला हवा. सहकारी संस्थेत तर सभेने पोटनियम बदलले तरी निबंधकाकडे त्या दुरुस्तीची नोंद होईपर्यंत ती अमलात येत नाही.

कोणी म्हणेल, ही केवढी कटकट! एका सभेत ठरले ते ठरले. महिनाभर थांबायचे कशासाठी? कारण साधे आहे. एका रात्रीत माणसाला राग येतो, भुरळ पडते, भिडेखातर हात वर होतो. महिन्यानंतर राग निवलेला असतो, भुरळ उतरलेली असते. शिवाय जो पहिल्या सभेला आला नाही त्याच्या कानावर बातमी गेलेली असते. कायद्याने घातलेला हा महिना त्या गैरहजर माणसासाठी आहे.

आमच्या मते नियमांचे सगळे मर्म या एका शब्दात आहे : गैरहजर. जो सभेला हजर आहे तो बोलू शकतो, भांडू शकतो. परंतु जो शेतात पाण्याच्या पाळीवर गेला आहे, जी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, जो मनुष्य गरीब आहे म्हणून मागे बसतो, त्यांच्या बाजूने सभेत कोण बोलणार? तिथे नियम बोलतो. नोटीस आणि विषयपत्रिका वेळेवर का पाठवायची? कोणता विषय निघणार आहे हे पाहून यायचे की नाही ते त्याला ठरवता यावे म्हणून. आयत्या वेळी मोठा विषय का घेऊ नये? त्याच्या पाठीमागे त्याचे घर विकले जाऊ नये म्हणून. गणसंख्या का हवी? पाच माणसांनी पाचशेंच्या नावाने बोलू नये म्हणून. लोकसभेलासुद्धा एक-दशांश सभासदांची अट आहे. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. आणि थकबाकीदाराला मत का नाही? १८६०च्या कायद्यात तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या माणसाला मताचा हक्क नाही. कारण जो संस्थेचा भार उचलत नाही त्याला निवडणुकीच्या आदल्या दिवशी गाडीत घालून आणण्याचा मोह कोणाला होऊ नये.

या नियमांना आपल्याकडे 'साहेबी खूळ' म्हणण्याची एक तऱ्हा आहे. खरे पाहता साहेबालाही ते शिकावेच लागले. अमेरिकेत हेन्री रॉबर्ट नावाचा एक लष्करी इंजिनियर होता. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी त्याला एका सभेचे अध्यक्षपद घ्यायला सांगितले. पूल आणि किल्ले बांधणारा हा माणूस, पण सभा कशी चालवावी हे त्याला ठाऊक नव्हते. त्या दिवशी इतकी फजिती झाली, की सभेचे शास्त्र शिकल्याशिवाय पुन्हा सभेला जायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले. १८७६ साली त्याने सभाकामाच्या नियमांचे जे पुस्तक काढले, ते आजही तिकडे प्रमाण मानतात.

पण आपल्याकडे नियम नव्हते असे म्हणू नका. आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिंड्या चालतात. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, कोणाच्या पाठोपाठ कोण, हे सारे ठरलेले असते. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो आणि त्यानंतर आरती. सभाशास्त्रात याला हरकतीचा मुद्दा म्हणतात. तो मांडला की अध्यक्षाला बाकीचे काम थांबवून आधी तो ऐकावा लागतो. आमच्या वारकऱ्यांनी हा हक्क टाळांच्या आवाजात सांभाळला आहे. ज्यांचे जन्मगाव म्हणून आपले नरसी सांगितले जाते, त्या नामदेवांच्या मुलखात तरी नियम परके आहेत असे कोणी म्हणू नये.

नियम पाळूनही मोठे वाद होतात. किंबहुना मोठे वाद नीट व्हावेत म्हणूनच नियम असतात. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. तिच्या घटनेत एक विलक्षण अट होती. सभासद व्हायचे तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत बसणारा एक माणूस पन्नासांच्या वतीने बसे. पुढे १८९५ साली तिच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाचे बहुमत झाले. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांचा पक्ष हरला. ज्या संस्थेला रानड्यांनी वाढवले ती हातची गेली! त्यांनी काय केले? दप्तर पळवले नाही, कुलूप लावले नाही, दुसरी वही लिहिली नाही. १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली. जिंकणारे नियमाने जिंकले, हरणारे नियमाने बाहेर पडले. म्हणून आज सव्वाशे वर्षांनंतर आपण दोघांचेही नाव आदराने घेतो.

त्याआधी पाच वर्षे, १८९० साली, टिळकांनी स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला होता. तंटा पुष्कळ गोष्टींवरून होता; त्यातला मुख्य मुद्दा असा की, आजीव सभासदाने आपला वेळ आणि कमाई बाहेर खर्चावी काय. संस्था काढताना जे ठरले ते पाळायचे की काळाप्रमाणे सैल करायचे? टिळक एका बाजूला, आगरकर-गोखले दुसऱ्या बाजूला. कोण बरोबर होते यावर अजून वाद घालता येईल. आम्हाला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, जो नियम सुरुवातीला स्पष्ट लिहिला जात नाही, तो पुढे मित्रांना मित्र राहू देत नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. पुण्याची माणसे सभा भरवून भांडत होती तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. येथे सभा भरवायची तर आधी परवानगी. 'गश्ती निशाण ५३' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होता. त्या हुकमाने जाहीर सभांवर निर्बंध होते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. दहा माणसांनी एकत्र बसून 'ठराव मांडतो' आणि 'अनुमोदन देतो' एवढे म्हणण्यासाठी या मुलखातल्या माणसांनी तुरुंग पाहिले. वापटीचे बहिर्जी शिंदे त्या लढ्यात कामी आले. १७ सप्टेंबर १९४८ला आपण मोकळे झालो. त्या दिवशी आपल्याला जे मिळाले, त्यात सभा भरवण्याचा हक्कही होता, हे आपण विसरतो.

आणि त्या हक्काचे आपण काय केले? इथे आता आम्ही आमची हकीकत सांगतो.

तीस वर्षे होत आली. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता. एका गावच्या वाचनालयाचे आम्ही चिटणीस होतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. अध्यक्ष होते एक निवृत्त गुरुजी. निजामाच्या अमदानीत लहानपणी त्यांनी चोरून भरलेल्या बैठकीच्या दारावर पहारा केलेला. सभेच्या बाबतीत गुरुजी फार कडक. गणसंख्या झाली नाही की अर्धा तास वाट पाहायची, सभा तहकूब करायची, आणि केलेला चहा शेजारच्या शाळेच्या शिपायाला पाजायचा. पुढच्या सभेत मूळचेच विषय. नवा एकही नाही. आम्हाला त्यांचा कंटाळा येई.

एका वर्षी गुरुजी आजारी होते. मंडळाची मुदत संपत आली होती. आम्ही विचार केला, उन्हाळा आहे, माणसे येत नाहीत. मंडळी तर तीच राहायची आहेत. सभेचे सोंग कशाला? आम्ही घरी बसून सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहिले. रविवार, सायंकाळी पाच, अमुक इतके सभासद हजर, निवड एकमताने. मग वही काखेत मारून दारोदार फिरलो आणि सह्या घेतल्या. कोणी वाचले नाही. एकाने तर जात्याजवळ उभ्याउभ्याच सही केली आणि वर चहा दिला. आम्ही कोणाचा पैसा खाल्ला नव्हता, कोणाला फसवायचा हेतू नव्हता. वेळ वाचवला, एवढेच आम्हाला वाटत होते.

पुढे गावात दोन तट पडले, वाचनालयाच्या जागेवरून. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. आमच्या अहवालावर दुसऱ्या तटाने हरकत घेतली आणि सोबत एक लग्नपत्रिका जोडली. आमच्या वहीत रविवारी पाच वाजता हजर असलेल्या एका सद्‌गृहस्थांच्या मुलीचे लग्न त्याच दिवशी नांदेडला होते. वधुपिता म्हणून त्यांचे नाव पत्रिकेवर छापलेले, आणि आमच्या वहीत त्यांची सही. त्या एका सहीने बाकीच्या सगळ्या सह्या खोट्या केल्या.

अडीच वर्षे तारखा चालल्या. मंडळच मान्य नाही म्हटल्यावर अनुदान थांबले, ग्रंथपालाचा पगार थांबला, वाचनालयाला कुलूप लागले. दहावीची पोरे मारुतीच्या पारावर अभ्यासाला बसू लागली. पावसाळ्यात छत गळून मासिकांचे जुने अंक भिजले. पण याहून वाईट गोष्ट गुरुजींची. त्यांना काही ठाऊक नव्हते. आम्ही कबूल करायला गेलो तेव्हा ते बाजेवर पडून होते. म्हणाले, "वही आणली आहे का? वाचून दाखव." आम्ही वाचली. ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "आम्हाला सभा भरवू देत नव्हते रे. तुम्हाला भरवू देत होते."

श्रोतेहो, यापुढे त्यावर आम्ही काही बोलणार नाही. पण कोणी 'नियमाने काय होते, माणूस चांगला हवा' असे म्हणाले की आम्हाला ती बाज आठवते. घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरते, हा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा १९४९च्या नोव्हेंबरातला इशारा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्याला आमच्या अनुभवाची एक ओळ जोडतो : माणसे चांगली असली तरीही नियम लागतात, कारण चांगली माणसे आपल्या चांगुलपणावर विसंबून वही लिहितात.

नियमांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नियम हे हत्यारही होऊ शकते. सहकारी संस्थेचे सभासदत्व पुरेसे कारण नसताना नाकारता येत नाही, असा कायदा आहे. तरी अर्जातल्या एका अक्षराची चूक दाखवून नको असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. नोटीस दिली असे दाखवायचे, पण कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा फळ्यावर लावायची, ही कलाही पुष्कळांना अवगत आहे. काही घटनांमध्ये संस्थापकाने स्वतःला आणि आपल्या वारसांना कायमची खुर्ची लिहून ठेवलेली असते. अशा वाईट नियमाला उपाय काय? तो पायाखाली तुडवणे हा उपाय नव्हे. रीतसर सूचना देऊन, सभा बोलावून तो बदलणे हा उपाय. शेताचा बांध चुकीच्या जागी असेल तर मोजणी आणावी. दरसाल नांगराच्या एका तासाने तो कोरत गेलो, तर शेजाऱ्याचे शेतही जाते आणि शेजारीही जातो.

आणि नियम पाळणे अवघड आहे, अडाण्यांना जमत नाही, असे तर म्हणूच नका. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत बायकांचे बचत गट पाहा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही, अशी त्यांची पंचसूत्री आहे. उशिरा आली की दंड, मग ती अध्यक्षीण का असेना. हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही कळतो. शहाण्यासुरत्या पुरुषांच्या संस्थांनी एकदा त्या ओट्यावर जाऊन बसावे.

वेळ संपत आली. घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. एक, आपल्या संस्थेच्या पोटनियमांची प्रत मागा. चिटणीस विचारील, कशाला? म्हणा, वाचायला. दोन, सभेत मागील इतिवृत्त 'वाचले असे समजून' कायम करू नका. मोठ्याने वाचायला लावा. आणि तीन, कोणी वही घेऊन सहीला दारात आले, तर चहा जरूर द्या; पण सही सभेत येऊन करीन म्हणून सांगा.

त्या वेळी आमच्या गावात एका जरी माणसाने आम्हाला तसे सांगितले असते, तर ते वाचनालय अडीच वर्षे बंद राहिले नसते. पुढे ते उघडले. नव्या मंडळाची पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली आणि चहा शाळेच्या शिपायाने घेतला. तो पाहायला गुरुजी राहिले नव्हते.